चमचा उभा राहील असं सूप

आमच्या नातेवाइकांत असं ठरून गेलंय की मी सासूबाईंना फ्रेंच सूप पाजून पाजून मारलं. पुण्यात कुठल्याही मुंजीत, बारशात दोन बायका कोपऱ्यात बसल्या की हा विषय निघतो, असं माझी मावसबहीण सांगते. सूप नक्की कसलं ते कुणालाच माहीत नाही. 'काहीतरी मैद्याचं घट्ट' एवढंच त्यांना ठाऊक आहे. मैदा मी कधी घातला नाही. ज्या पुस्तकातून मी ती सूपं शिकले, त्यात मैद्यानं सूप घट्ट करणाऱ्या बाईला स्वयंपाकघरातून हाकलून द्यावं अशा अर्थाचं लिहिलेलं आहे.

पण सुरुवात पुस्तकापासून नाही. सुरुवात लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी झाली. मी केलेली आमटी सासूबाईंनी वाटीतून ताटात ओतली, ताट तिरकं केलं आणि ती कशी पळते ते पंगतीला दाखवलं. "डाळ शोधायला पाणबुड्या बोलवा," म्हणाल्या. सगळे हसले. माझा नवराही हसला, आणि ते मी अजून विसरलेले नाही. तेव्हापासून माझ्या हातचं सगळं 'पाणचट' ठरलं. वरण पाणचट, रस्सा पाणचट, एकदा तर श्रीखंडसुद्धा. घट्ट केलं की 'लापशी झाली' म्हणायच्या. त्यांना एखादा पदार्थ खरोखर आवडला की त्या एकच शब्द बोलायच्या: "जमलं." तो शब्द त्यांनी माझ्या नणंदेला दिला, शेजारणींना दिला, लग्नातल्या आचाऱ्याला बोलावून दिला. मला वीसेक वर्षांत एकदाही दिला नाही. मला तो हवा होता. मी शिकलेली बाई आहे, कॅनडात एडमंटनमध्ये सरकारी कचेरीत चांगल्या हुद्द्यावर आहे, माझ्या हाताखाली माणसं आहेत. तरी तो शब्द मला हवा म्हणजे हवाच होता.

सासरे गेल्यावर सासूबाई आमच्याकडे एडमंटनला आल्या. त्याच वर्षी, पहिला बर्फ पडला त्या आठवड्यात, त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला, तोंडाची उजवी बाजू लोंबली. बोलणं जड झालं, पण टोमणे मारायला जेवढं लागतं तेवढं तोंड शाबूत राहिलं. खरा घाला पडला तो गिळण्यावर. गिळण्याचं तपासणारी एक थेरपिस्ट इस्पितळात यायची. तिनं आम्हा दोघांना बसवून समजावलं. पाणी, चहा, ताक, आमटी, जे जे पातळ आहे ते यांच्या घशातून चुकीच्या वाटेला जाईल, म्हणजे फुप्फुसात. त्यातून न्यूमोनिया होईल आणि या वयात त्यातून उठणं कठीण. जे द्याल ते घट्ट द्या, एकसारखं द्या, गुठळी नको. चमचा वाकडा केला की धार लागता कामा नये, गोळा पडला पाहिजे. आणि असं खाऊन वजन टिकलं नाही, तर पोटात नळी घालावी लागेल.

तिनं घट्ट करायची एक पावडर दिली. ती चहात घातली की चहाची खळ होते. पहिला चमचा सासूबाईंनी तोंडात घेतला आणि माझ्या स्वेटरवर थुंकला. "खळ आहे ही," म्हणाल्या. "पोस्टर चिकटवा." तो स्वेटर मी दोनदा धुतला. डाग गेला नाही.

महिन्याभरात त्या निम्म्या दिसायला लागल्या. नवरा फोनवर डॉक्टरांशी बोलायचा आणि मग किचनमध्ये येऊन उभा राहायचा. "वेट परत ड्रॉप झालंय," म्हणायचा. "ट्यूबचं डिसाइड करा म्हणतायत." आता ही काय करणार आहे, असं त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं असायचं. तो काय करणार आहे, हे मीही विचारलं नाही. तसं विचारायची आमच्या घरात पद्धत नाही.

ते पुस्तक मला एका चर्चच्या तळघरातल्या जुन्या वस्तूंच्या विक्रीत मिळालं. गावाच्या त्या भागात जुनी फ्रेंच बोलणारी कुटुंबं राहतात. म्हातारी माणसं गेली की मुलं त्यांची भांडी आणि पुस्तकं तिथे आणून टाकतात. जुन्या फ्रेंच घरगुती स्वयंपाकाचं इंग्रजी भाषांतर, पहिली पानं फाटलेली, त्यामुळे लिहिणारं कोण ते कळायला मार्ग नाही. बाई असावी. इतका कुजकटपणा पुरुषाला इतका सविस्तर जमत नाही.

मी ते उभ्या उभ्या उघडलं आणि सूपांच्या प्रकरणात अडकले. पातळ सूपांची तिनं दोन पानांत बोळवण केली होती. घट्ट सूपांना पुढचं अर्ध प्रकरण होतं. वाटाण्याचं, मसुरीचं, वाळक्या पांढऱ्या घेवड्याचं, लाल भोपळ्याचं, चेस्टनटचं. शिळा पाव पाण्यात आणि लोण्यात तासभर रटरटवून केलेलं एक सूप, पानाद नावाचं. ते दूध सुटलेल्या पोरांना, आजाऱ्यांना आणि दात गेलेल्या म्हाताऱ्यांना द्यायचं. कोबी आणि पावाचं खेड्यातलं एक सूप तर असं की मधोमध चमचा उभा केला तर तो पडता कामा नये. आणि पानोपानी तिचं ते बोलणं! ताटलीचा तळ दिसेल असं सूप वाढणारी बाई पाहुण्याचा अपमान करते. एकदा चाळून समाधान मानणारीनं दुसरा धंदा बघावा. सूप झालं की नाही ते कसं बघायचं? चमच्याच्या पाठीवर त्याचा थर बसला पाहिजे, त्यातून बोट ओढलं तर वाट राहिली पाहिजे. थेरपिस्टनं सांगितलेलंच, पण शिव्यांसकट. मला हसू आलं. माझ्या सासूबाई आणि ही बाई एकाच माळेचे मणी होत्या. एक पुण्यात बसली, एक फ्रान्समध्ये.

त्यात मांस वर्ज्य असलेल्या दिवसांची सूपं वेगळी दिलेली होती. आपल्या उपासांसारखे त्यांचेही दिवस. त्या दिवशी मांसाच्या रश्शाऐवजी ज्या पाण्यात वाटाणे किंवा डाळ शिजली ते पाणी घ्यायचं, फेकायचं नाही. म्हणजे कट! पुरणाची डाळ शिजवून निथळलेलं पाणी, ज्याची आपण आमटी करतो, तेच. घट्टपणासाठी अंड्याच्या बलकाऐवजी भात शिजवून त्यात चाळला तरी चालतो असंही तिनं नाखुशीनं लिहिलं होतं. सासूबाईंना अंडं चालत नव्हतं. मी पुस्तक घेतलं.

चाळणी कुठली वापरायची ते दोन दिवस कळेना. मिक्सरमधून काढलं की वाटाण्याची सालं कुठेतरी राहून जायची, आणि एका सालानं त्या अर्धा तास खोकायच्या. मग मला पुरणयंत्र आठवलं. आईनं लग्नात दिलेलं, वर्षातून एकदा होळीला निघणारं. बारीक ताटली घालून मी वाटाणे त्यातून दोनदा काढले. खाली जे पडलं ते रेशमासारखं होतं. मी त्यात लोणी घातलं, जायफळाचा वास लावला, मीठ घातलं, चव घेतली, आणि माझ्या तोंडून आपसूक 'वा' निघालं.

सासूबाईंनी अख्खा बोल संपवला. चमचा चाटला. मी समोर बसून होते.

"कसं झालंय, आई?" मी विचारलं.

"पोस्टर कधी लावणार?" त्या म्हणाल्या.

तो सगळा हिवाळा असा गेला. मी कामावरून यायची, बूट दारात काढायची आणि पुरणयंत्र फिरवायला बसायची. बाहेर उणे तीसमध्ये गाड्या गोठायच्या, आत मसूर, घेवडा, भोपळा, गाजर आणि तांदूळ. मागच्या अंगणात पेरलेल्या आंबट चुक्याची पालेभाजी फ्रीजरमध्ये होती, तीही मी बटाट्यात घालून केली. पुस्तकात तिचंही सूप आहे आणि ते केल्यावर तोंडाला पाणी सुटतं. सासूबाई सगळं खायच्या आणि सगळ्याला नावं ठेवायच्या. एकीकडे वाटी पुढे सरकवायच्या, एकीकडे मुलाला म्हणायच्या, "विचार हिला, जेवायला कधी देणार आहे?" त्यांचं वजन वाढलं. इस्पितळातल्या तपासणीत थेरपिस्टनं मला विचारलं की तुम्ही देता तरी काय. मी सांगितलं. तिनं नळीचा विषय बाजूला ठेवला. घरी येताना गाडीत नवऱ्यानं रेडिओ लावला.

त्याच भेटीत इस्पितळातल्या नर्सनं सासूबाईंना सफरचंदाचा डबाबंद गर भरवला, प्लास्टिकच्या वाटीतला, थंडगार. सासूबाईंनी तो गिळला, नर्सकडे बघितलं आणि अर्ध्या तोंडानं हसून म्हणाल्या, "जमलंय हो." नर्सला मराठी येत नव्हतं. मला येत होतं. मी वॉशरूममध्ये गेले आणि नळ सोडून उभी राहिले. रडले नाही. इतका राग आला होता की रडू फुटेना.

आणि रोज पुण्याला व्हिडिओ कॉल. पलीकडे नणंद, माझ्याहून लहान, आईची लाडकी. सासूबाई तिच्यापुढे तोंड वेडंवाकडं करून रडायच्या. "मला पाणी देत नाहीत गं. खळ पाजतात. कसली फिरंगी खळ." नणंद तिकडे रडायची. मग फोन माझ्याकडे यायचा.

"वहिनी, तहानलेल्या माणसाला पाणी नाही म्हणतं का कुणी?"

"अगं, पाणी फुप्फुसात जाईल. पाणीसुद्धा घट्ट करून देते मी."

"पाणी घट्ट करतात?" ती म्हणाली, आणि माझ्याकडे अशी बघत राहिली की मीच ते विष कालवते आहे.

होळीच्या आठवड्यात ती आली. एअरपोर्टवरून घरी येईपर्यंत तिनं गुगलवरून मला सांगितलं की इकडचे डॉक्टर केस होऊ नये म्हणून उगाच घाबरवतात. मी गाडी चालवत होते, रस्त्यावर डांबरात दिसत नाही असा निसरडा काळा बर्फ होता, म्हणून गप्प बसले. घरात शिरल्यावर मात्र तिला समोर बसवलं आणि थेरपिस्टनं सांगितलं तसं सगळं सांगितलं. "पातळ काही पाजलंस तर तुझी आई मरेल," असं स्वच्छ शब्दांत म्हटलं. नवराही होता. ती म्हणाली, "समजलं." डोळे पुसले, आईच्या खोलीत गेली, आणि मला त्यांची कुजबुज दारातून ऐकू येत राहिली.

होळीला मी पुरण घातलं. अंगणात तीन फूट बर्फ आणि घरात डाळीचा वास. कट निथळला आणि दोन पातेल्यांत वाटून घेतला. एकात आमच्यासाठी कटाची आमटी: गोडा मसाला, आमसूल, खोबरं, वरून फोडणी. दुसऱ्यात सासूबाईंसाठी तोच कट, त्यात पुरणयंत्रातून काढलेली डाळ, चाळलेला भात आणि लोणी, पुस्तकातलं उपासाच्या दिवसाचं सूप. एकाच कटाची दोन भावंडं, एक पळणारं आणि एक ठाण मांडून बसलेलं. सूपाची मी तीनदा चव घेतली. आमटीची घेतली नाही, कारण ती नैवेद्याच्या ताटात जायची होती, आणि नैवेद्याचं उष्टं करायचं नाही हे सासूबाईंनीच मला पहिल्या वर्षी ओरडून शिकवलं होतं. आमटीला उकळी आली आणि नणंद ओट्याशी येऊन उभी राहिली. तिच्याशी बोलता बोलता मी गॅस बंद केला.

नैवेद्य दाखवला. सासूबाईंना सूप नेऊन दिलं. त्यांनी तोंड फिरवलं. "सणाच्या दिवशीसुद्धा खळ?" म्हणाल्या. मी वाटी तिथेच ठेवली, नणंदेला म्हटलं, "जरा भरवून बघ," आणि नवऱ्याला जेवायला बोलवायला बाहेर गेले. तो ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करत होता. शेजाऱ्याच्या बाजूचा ढीग फुटपाथवर आला होता, तो आम्ही दोघांनी मिळून ढकलला. आत आले तेव्हा खोलीतून खोकला ऐकू आला, ओला, न थांबणारा. मी बूट न काढता धावले. सासूबाईंचे ओठ निळे पडले होते. हनुवटीवर आमटीचा तेलकट ओघळ होता. सूपाची वाटी भरलेलीच होती. नणंदेच्या हातात स्टीलची दुसरी वाटी होती, रिकामी.

"दोनच घोट म्हणाली," ती म्हणाली. "आई म्हणाली, सण आहे."

मी तिला बाजूला ढकललं. ढकललं म्हणजे अक्षरशः ढकललं, ती कपाटावर जाऊन आदळली. अँब्युलन्स लवकर आली. जेवण तसंच राहिलं, ताटं वाढलेलीसुद्धा नव्हती. दोन्ही फुप्फुसं भरली आहेत, असं डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी सांगितलं. सकाळपर्यंत त्या बेशुद्ध झाल्या होत्या आणि मशीन त्यांच्यासाठी श्वास घेत होतं. नवरा आत बसला. नणंद आणि मी बाहेर कॉरिडॉरमध्ये, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर.

नणंद म्हणाली, "वहिनी, एक सांगू? आई सुखात प्यायली. जमली म्हणाली."

मी तिच्याकडे वळले. "काय म्हणाली?"

"आमटी जमलीये म्हणाली."

"नीट सांग. शब्द सांग."

आत तिची आई मरत होती आणि मी तिला शब्द विचारत होते. विचारलेच. ती घाबरून बघत होती.

"म्हणाली, 'जमलीये गं.' दोनदा म्हणाली."

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. त्या खुर्चीवर, त्या वासात, मला लग्न झाल्यापासूनचा सगळा ताण उतरल्यासारखं वाटलं. माझी आमटी. पळणारी, पाणचट, माझ्या हातची.

"आधी ती घेतच नव्हती," नणंद पुढे बोलत राहिली. तिला गप्प बसवत नव्हतं. "म्हणाली, 'हिच्या हातची नको.' मग मी म्हटलं, मी केलीये. तिनं परत विचारलं, 'तू केलीस?' मी हो म्हटलं. तिला बरं वाटावं म्हणून. मग प्यायली."

मी उठले. नवऱ्याचे कपडे आणते म्हणून घरी गेले. आमटीचं पातेलं त्यानं काल जाताना गराजमध्ये ठेवलं होतं. हिवाळ्यात आमचा गराज म्हणजे मोठा फ्रीजच. वरती बर्फाची पापडी धरली होती, तिच्यात कढीपत्ता अडकलेला. मी पातेलं आत आणलं, गॅसवर ठेवलं आणि पहिल्यांदाच त्या आमटीची चव घेतली.

मीठ नव्हतं. कमी नव्हतं, मुळात घातलंच नव्हतं. आमसुलाचा आंबटपणा, मसाला आणि खाली सपक कट. कुत्र्यानंही तोंड लावलं नसतं. मी दोनदा पुरणयंत्रातून काढलेल्या, तीनदा चव बघितलेल्या सगळ्या सूपांची खळ झाली होती, आणि ही बिनमिठाची आमटी जमली होती. एवढी जमली की त्यासाठी त्यांनी जीव दिला. म्हणजे त्यांनी कधी जिभेनं चव घेतलीच नव्हती. कुणाच्या हातचं आहे ते विचारायचं आणि मग ठरवायचं. वीस वर्षं मी मीठ, डाळ, पाणी मोजत बसले.

मी मीठ घातलं नाही. आमटी चांगली कडकडीत केली, थर्मासमध्ये भरली, नवऱ्याचे कपडे घेतले आणि परत गेले.

नणंद तिथेच बसली होती, गुडघे जवळ घेऊन. मी तिच्या शेजारी बसले आणि थर्मासच्या झाकणात आमटी ओतून तिच्या हातात दिली.

"कालपासून पोटात काही नाही तुझ्या," मी म्हटलं. "घे. तुझी आमटी."

तिनं एक घोट घेतला. तोंडात धरला. गिळला. मग माझ्याकडे बघितलं.

"वहिनी, यात मीठ नाहीये."

"नाहीच आहे," मी म्हटलं. "आईंना जमली ना? मग पी. सगळी तुझ्यासाठीच आणलीये."

तिनं झाकण दोन्ही हातांत धरलं आणि हळूहळू सगळं प्यायली. मी दुसऱ्यांदा ओतलं.